वरच्या रकान्यातलं नाव

जुम्म्याच्या दुपारी सौदीतल्या खोबरचे रस्ते ओस असतात, पण नूरुद्दीन नाखव्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. एका शेगडीवर सांदणांची दुसरी खेप वाफेवर चढली होती, दुसरीवर कोलंबीचं कालवण उकळत होतं, आणि ओट्याजवळच्या प्लास्टिकच्या स्टुलावर अमिरुन्निसा फुफी ठाण मांडून बसली होती. फुफी म्हणजे नूरुद्दीनची आत्या. हर्णैहून महिन्याभराच्या व्हिसावर आली आणि दुसऱ्याच दिवशी घर तिच्या ताब्यात गेलं. नूरुद्दीनच्या बायकोला, रईसाला, त्याचं काही वाटलं नाही. तीस वर्षं संसार केलेल्या बाईला घरात ओरडणारं दुसरं माणूस मिळालं की तिचा घसा तरी वाचतो.

"पुरावा मागते पोरगी," फुफी म्हणाली. "मंगणीच्या दिवशी! आमच्या टायमाला पोरगी सासरच्यांसमोर मान वर करीत नव्हती."

"मान वर केली असती तर बरं झालं असतं, फुफी. निदान फुफांना आधी बघून घेतलं असतंत तुम्ही."

फुफीला हसू आलं, पण तिनं ते पदराआड सारलं. "विषय बदलू नको. जुनैदला काय शाळेत घालायचाय, म्हणून दाखला दाखवायचा?"

रईसानं झाकण उचलून पाहिलं. सांदण फुगले होते. इथल्या तांदळाला गावची चव नसते असं ती दर वेळी म्हणायची, आणि दर वेळी ते छान व्हायचे.

जुनैद तिचा धाकटा दीर, पण ती लग्न होऊन आली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि रात्री तिच्याच कुशीत झोपायचा. त्यामुळे आज जे काही होणार होतं ते दिराचं नव्हतं, मुलाचं होतं. सहा वर्षांपूर्वी तो ब्रिटनमध्ये नोकरीला गेला आणि तिथं मोबाइलवरच्या जुगारात बुडाला. आधी फुटबॉलवर पैजा, मग ते चक्र फिरवायचं. आईच्या मयतीला पोचला नाही, कारण तिकिटाचे पैसे त्यानं आदल्याच दिवशी लावले होते. हे त्यानं स्वतः फोनवर सांगितलं तेव्हा नूरुद्दीन दोन दिवस जेवला नव्हता. तिसऱ्या दिवशी त्यानं भावाला खोबरला बोलावून घेतलं.

त्याला आता पाच वर्षं होऊन गेली होती. जुनैद इथल्या तेलाच्या कामावर इंजिनिअर होता, नमाजी होता, पुतणीचा लाडका होता. आणि आता कंपनी त्याला तीन वर्षांसाठी परत तिकडं, स्कॉटलंडातल्या ॲबर्डीनला पाठवणार होती. आज जिच्याशी मंगणी व्हायची ती उझमा होकार देणार असेल तर तिच्यासह.

"तिचा प्रश्न वाकडा नाही," रईसा म्हणाली. "इथं जुगाराचं दुकानच नाही. इथं सुधारला ह्यात काय मोठंसं? तिकडं गल्लीगल्लीत आहे, आणि फोनवर चोवीस तास. म्हणून ती म्हणते, ती बंदी घेतली होती त्याचा कागद दाखवा."

"कसली बंदी?"

"स्वतःहून घ्यायची असते. तिकडं एक रजिस्टर आहे. आपणच आपलं नाव घालायचं, की मला खेळू देऊ नका. मग परवाना असलेल्या सगळ्या कंपन्यांना त्या माणसाला दार बंद करावं लागतं. खाती बंद, जाहिराती बंद. सहा महिने, वर्ष, नाही तर पाच वर्षं. आणि एकदा घातलं की मुदत संपेपर्यंत मागं घेता येत नाही, पायावर डोकं आपटलं तरी."

फुफीनं विचार केला. "म्हणजे तोबाच ना?"

"तोबाच. पण लेखी."

"मग लेखी कशाला? अल्लाला वाचता येत नाय काय?" फुफी म्हणाली, आणि तेवढ्यात बेल वाजली.

उझमानं निळा सलवार कमीज घातला होता आणि हातात आईची पिशवी धरली होती. दम्मामच्या इंडियन शाळेत ती गणित शिकवायची. तिची आई शरफुन्निसा महाडहून मुलीकडे राहायला आलेली, कमी बोलणारी, कुणाकडे गेलं की खुर्चीच्या कडेवर बसणारी बाई होती. सोफा तिला नीट मानवत नसावा. किंवा नीट टेकून बसण्याची सवयच तिला कधी लागली नसावी.

उझमाला त्याचं कारण माहीत होतं. तिचे वडील मटका खेळायचे. वाईट माणूस नव्हता. मुलींसाठी जत्रेतून बांगड्या आणायचा, गाणी म्हणायचा, आणि उझमाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायचा की आता शेवटचं. अशा सात शपथा तिच्या डोक्यावर झाल्या होत्या. आठव्या शपथेच्या वेळी ती इयत्ता आठवीत होती आणि तिनं डोकं बाजूला घेतलं होतं. ते गेले तेव्हा तिला खूप रडू आलं, आणि रडता रडता सुटल्यासारखंही वाटलं. ह्या दुसऱ्या गोष्टीसाठी तिनं स्वतःला अजून माफ केलं नव्हतं.

म्हणून तिला शपथ नको होती. जुनैद तिला आवडला होता, अगदी मनापासून आवडला होता. पहिल्याच भेटीत, चहा यायच्या आधी त्यानं आपलं सगळं सांगून टाकलं होतं आणि मग विचारलं होतं, "चहा घेणार ना तरी?" ती घरी गेल्यावर एकटीच हसली होती. पण आवडणं वेगळं आणि ॲबर्डीनला जाणं वेगळं. आई तर वडिलांनाही आवडतच होती.

"बसा बसा," नूरुद्दीन दारातूनच म्हणाला. जुम्म्याचा पांढरा कुर्ता, अत्तर, आणि चेहऱ्यावर घरचं कार्य असल्याची लगबग. "मासा कतीफच्या बाजारातून मी स्वतः आणलाय. पहाटे जाऊन."

"भाय, जेवण नंतर," जुनैद म्हणाला. "उझमानं जे विचारलंय ते आधी. म्हणजे सगळ्यांनाच नीट जेवता येईल."

तो खुशीत होता. परीक्षेत पैकीच्या पैकी मिळालेल्या मुलानं प्रगतिपुस्तक काढावं तसा.

"हा मग! लपवायचा काय हाय त्यात?" नूरुद्दीननं मांडी ठोकली. "पाच वर्षांची बंदी. सगळ्यात मोठी. मी स्वतः भरलाय फॉर्म, माझ्या हातानं."

उझमानं मान वर केली. "तुम्ही भरलात?"

"मग कोण भरणार? ह्याची तेव्हा काय अवस्था होती! समोर बसून नुसता रडत होता. मला म्हणाला, भाय, तूच भर. मी भरला आणि सांगितला, खलास, झाला काम."

ह्यात कुणालाही नवल वाटलं नाही. हर्णैचा कुठलाही माणूस ह्या किनाऱ्यावर उतरला की पहिल्या आठवड्यात नूरुद्दीनकडे येत असे. इकामा म्हणजे इथला राहण्याचा परवाना, बायकोचा व्हिसा, पोराचा शाळाप्रवेश, मयत गावी न्यायची कागदपत्रं. सगळं तो भरायचा, आणि त्यानं भरलेला फॉर्म आजवर कधी परत आला नव्हता. ही गोष्ट तो स्वतःच महिन्यातून एकदा तरी सांगायचा.

"आलिमा," त्यानं हाक मारली, "माझ्या मोबाइलमधला तो मेल काढून दे गो."

आलिमा त्याची एकोणीस वर्षांची मुलगी. कानातला एक इअरबड काढून ती बापाचा फोन घेऊन बसली. "अब्बा, अकरा हजार अनरीड मेल्स हैं आपके. ये इन्सान का फोन है?"

"लग्नपत्रिका असतात त्यात. काढ."

आलिमाचं बोट सरकत राहिलं. सगळे तिच्याकडे बघत होते. शरफुन्निसानं पिशवी मांडीवर घेतली. स्वयंपाकघराच्या दारात फुफी येऊन उभी राहिली, म्हणजे ऐकायला काही राहू नये.

"मिळाला. दोन हजार वीस. हां, यही है." आलिमानं घसा साफ केला आणि बातम्या देणाऱ्या बाईच्या सुरात वाचायला लागली. "तुमची नोंद झाली आहे. मुदत पाच वर्षं. ह्या काळात ही नोंद रद्द करता येणार नाही. डिअर..." ती थांबली. परत वर गेली. परत खाली आली. "डिअर नूरुद्दीन."

"हा, मेल माझा हाय ना," नूरुद्दीन म्हणाला. "पुढं वाच."

"अब्बा, पुढे पण तुम्हीच आहात. नाव नूरुद्दीन नाखवा. जन्मतारीख तुमची. फोन तुमचा. फक्त पत्ता चाचूचा आहे, तिथला." तिनं ओठ घट्ट दाबले, पण हसू नाकातून सुटलंच. "अब्बा, जुगाराची बंदी तुमच्यावर आहे. पाच वर्षं."

 कालवण उतू जायला आलं होतं त्याचा आवाज बाहेर येत होता, आणि रईसा आत गेली नाही.

"असा कसा होईल?" नूरुद्दीन म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान झाला होता. "मी बरोबर भरलावता. वरच्या रकान्यात जबाबदार माणसाचा नाव, खाली ज्याच्यासाठी अर्ज त्याचा. इथं सगळ्या फॉर्मात तसाच असतो. फक्त त्यात खालचा रकाना नव्हता. मला वाटला, मागनं विचारतील."

"स्वतःच्या बंदीत खालचा रकाना कुठून असणार, भाय?" जुनैद म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. "म्हणजे माझं नाव नव्हतंच कुठं? म्हणजे ते... उघडंच होतं?"

शरफुन्निसा उठून उभी राहिली. ती आल्यापासून पहिल्यांदाच बोलली. "उझमा, चल."

"अहो बसा, थांबा," रईसा पुढं आली.  इतक्या वर्षांनी ह्या घरात शेवया मागवल्या होत्या, दारात फुलं लावली होती, आणि सगळं एका रकान्यात अडकून पडलं होतं. तिला नवऱ्याचा राग आला आणि त्याची दयाही आली, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे काय बोलावं ते सुचेना.

मदत आली ती नको तिथून. "ती कशाला जाईल?" फुफी गरजली. "तिनं विचारला म्हणून तरी कळला! नाय तर तुम्ही सगळे पाच काय, पन्नास वर्षं ह्याच्या भरवशावर बसला असता. नूरू, तुला सगळ्यांचे फॉर्म भरायला कोणी सांगितलान? उद्या माझ्या कबरीवर पण तुझाच नाव लिहिशील."

"फुफी, मघाशी तर तुम्ही म्हणत होतात..." रईसा म्हणाली.

"मघाचा मघाशी. आता मी पोरीच्या बाजूनं हाय."

उझमा उठली नव्हती. वर्गात गणित चुकलं की ती आधी खोडत नाही, पायरी शोधते. "अम्मी, पाच मिनिटं," ती म्हणाली. "आलिमा, मेलच्या खाली नंबर असेल. लाव. स्पीकरवर ठेव."

नूरुद्दीन नाखव्यांनी आयुष्यात खेळायचा पत्ता हातात धरला नव्हता. लहानपणी गोट्यासुद्धा जिंकायच्या बोलीवर खेळले नव्हते. मशिदीच्या इफ्तारीची व्यवस्था त्यांच्याकडे असायची. आणि आता ते सोफ्यावर ताठ बसून, घाम पुसत, इंग्लंडातल्या एका बाईला आपली जन्मतारीख सांगत होते.

बाई फार गोड बोलत होती. नूरुद्दीनशीच बोलायचं आहे, असं तिनं दोनदा सांगितलं. दुसरं कुणी मध्ये बोललं की ती थांबायची. कायदाच तसा होता, ज्याचं नाव त्यानंच बोलायचं. जुनैदनं मधे तोंड घातलं तेव्हा तिनं त्याला नम्रपणे गप्प केलं, आणि फुफीला ती बाई फार आवडली.

"सर, तुमची पाच वर्षं दोन महिन्यांपूर्वी पूर्ण झाली," बाई म्हणाली. "आमच्या सगळ्यांतर्फे तुमचं अभिनंदन. हे सोपं नसतं."

आलिमानं उशीत तोंड खुपसलं.

"मॅडम," नूरुद्दीन म्हणाला, "आय नो प्ले. नेव्हर. फुल लाइफ नो प्ले. आय गो मस्जिद, आय गो होम."

"फारच छान, सर. अशा सवयींचा आधार होतो."

आता रईसाचाही धीर सुटला. ती भिंतीला टेकली आणि पदर तोंडात धरून हसायला लागली, इतकी की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तीस वर्षांत कुणी तिच्या नवऱ्याची इतक्या आपुलकीनं पाठ थोपटली नव्हती, आणि थोपटली ती ह्यासाठी! खुर्चीच्या कडेवर परत टेकलेल्या शरफुन्निसाच्या ओठांचा कोपरासुद्धा हलला. उझमानं तो पाहिला. आईचं हसू तिनं किती दिवसांत पाहिलं नव्हतं ते तिला आठवेना.

बाई पुढं सांगत होती. मुदत संपली म्हणून बंदी आपोआप उठत नाही. माणसानं स्वतः फोन करून मागितलं तरच उठते, आणि मागितल्यावरही एक दिवस थांबावं लागतं, मन बदललं तर बदलायला. "तर सर, तुम्हाला ती उठवायची आहे का?"

नूरुद्दीननं फोन जवळ ओढला. त्याला बाईचं इंग्रजी सगळं कळलं नव्हतं, पण हे कळलं होतं. पाच वर्षांपूर्वी त्यानं फॉर्म भरला तेव्हा आपण धाकट्याला वाचवतोय असं त्याला वाटलं होतं. आईला शब्द दिला होता, पोराला सांभाळीन. आणि पोराच्या जागी आपण स्वतःला कुलूप लावून निवांत झोपत होतो! त्याला लाज वाटली. इतकी की समोर बसलेल्या माणसांकडे त्याला बघवेना. मग जुनैदकडे नजर गेली. तो पांढराफटक पडला होता, पण भायकडे बघून त्यानं मान हलवली, जाऊ दे अशा अर्थानं.

"नो, मॅडम," नूरुद्दीन घसा खाकरून म्हणाला. "कीप. कीप इट. नो प्रॉब्लेम."

मग फोन जुनैदनं घेतला. नाव सांगितलं, तारीख सांगितली, जुना पत्ता सांगितला. बाईनं थोडा वेळ शोधलं. नाही, ह्या नावाची नोंद आमच्याकडे कधीच झालेली नाही, सर. तुम्हाला करायची असेल तर तुम्हीच करू शकता. दहा मिनिटं लागतात.

"थँक यू," जुनैद म्हणाला आणि फोन टेबलावर ठेवला.

उझमा त्याच्याकडे बघत होती. बाई नाही म्हणाली त्या क्षणी तिनं त्याचा चेहरा पाहिला होता, आणि तोच आता परत परत तपासत होती.

"ह्या पाच वर्षांत तिकडे किती वेळा गेलात?" तिनं विचारलं.

"अकरा. ट्रेनिंगला. दोन-दोन आठवडे."

"एकटे?"

"एकटाच. हॉटेलात."

"फोन जवळ, वेळ हातात. एकदाही उघडून पाहिलं नाहीत?"

 खोटं सांगणं सोपं होतं, आणि ते जुनैदला पूर्वी चांगलं जमायचं. "मनात यायचं," तो म्हणाला. "पहिल्या दोन वर्षांत फार. एकदा विमान सहा तास लेट होतं, तेव्हा फोन हातात घेतला होता. साइटचं नाव टाइप करायला सुरुवातही केली. मग म्हटलं, बंद आहे रे, कशाला उगाच तोंडावर दार आपटून घ्यायचं? ठेवून दिला आणि सरळ जाऊन झोपलो. नंतर नंतर आठवणही यायची नाही."

"बंद दारही माणूस ढकलून बघतो," उझमा म्हणाली. "माझे बाबा बघायचे. तालुक्यात मटका बंद झाला तेव्हा पुढच्या तालुक्यात चालत गेले होते." ती आईकडे वळली. "अम्मी, नीट ऐक. ह्यांनी पाच वर्षांत एकदा जरी ढकललं असतं तर ते उघडलं असतं. बंदी नव्हतीच. आणि उघडलं असतं, तर नोंद झालेली नाही हे ह्यांना तेव्हाच कळलं असतं. मग आज इतक्या ऐटीत भायना मेल काढू दिला असता का? काही तरी निमित्त सांगितलं असतं, मेल गेला, फोन बदलला. अम्मी, ह्यांना खरंच माहीत नव्हतं. म्हणजे ह्यांनी खरंच ढकललं नाही."

आलिमानं हळूच टाळ्या वाजवल्या. "क्यू.ई.डी.," ती म्हणाली.

"म्हणजे काय?" फुफीनं विचारलं.

"म्हणजे चाचू पास."

नूरुद्दीनच्या डोळ्यांत पाणी आलं. आपली चूक अशी कामाला येईल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्यानं तेवढ्यात जरा छाती काढली, आणि रईसानं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं ती परत आत घेतली.

पण शरफुन्निसा हलली नव्हती. "तू हुशार आहेस, पोरी," ती हळू आवाजात म्हणाली. "तुझं गणित मला पटलं. पण एक सांग. कालपर्यंत ह्यांना वाटत होतं बंद आहे. आजपासून ठाऊक झालं, उघडं आहे. आता?"

  हसण्याखिदळण्यात सगळे ते विसरले होते, आणि जिनं आयुष्यभर रात्रीचा नवऱ्याचा खिसा चाचपला ती बाई विसरली नव्हती. नुसत्या हुशारीनं घर चालत नाही हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"बरोबर आहे तुमचं," जुनैद म्हणाला. "मघाशी बाई नाही म्हणाली तेव्हा मला पहिला विचार तोच आला, अम्मी. चांगला दिवस असेल तेव्हा मी जाणार नाही, हे मला माहीत आहे. वाईट दिवसाचं मी सांगू शकत नाही. आणि तिकडं हिवाळ्यात चार वाजता अंधार पडतो." त्यानं खिशातून आपला फोन काढला. "म्हणून आत्ताच लावतो. तुमच्यासमोर."

त्यानं शरफुन्निसाला पहिल्यांदाच अम्मी म्हटलं होतं. त्याला ते कळलं नाही, तिला कळलं.

फॉर्म उघडला. सवयीनं नूरुद्दीनचा हात पुढं गेला, आणि फुफीनं त्या हातावर सटकन चापट मारली. छप्पन्न वर्षांच्या माणसानं हात मागं घेऊन चोळला. मग तो दोन्ही हात मांडीखाली घालून बसला आणि धाकट्या भावाला फॉर्म भरताना बघत राहिला. भावाला लिहिताना बघत असा निवांत तो कधी बसला नव्हता. जुनैद लिहिताना जीभ थोडी बाहेर काढतो, अगदी दुसरीत असताना काढायचा तशी, हे त्याला आज दिसलं.

जुनैदनं नाव घातलं. तारीख घातली. कंपनीनं ॲबर्डीनमध्ये दिलेल्या घराचा पत्ता घातला. जुने जितके ई-मेल होते तितके सगळे घातले, कॉलेजातलासुद्धा, म्हणजे पळायला फट राहू नये. मुदतीच्या रकान्याशी तो थांबलाच नाही, पाच वर्षं दाबून मोकळा झाला. 'ही नोंद मला मुदतीआधी मागं घेता येणार नाही हे मला समजलं आहे,' असं एक वाक्य होतं. ते त्यानं मोठ्यानं मराठीत वाचून दाखवलं, आणि खूण केली.

"रस्त्यावरच्या दुकानांचं वेगळं रजिस्टर असतं," तो म्हणाला. "तिथं फोटो द्यावा लागतो. म्हणजे दुकानात गेलो तर काउंटरवरचा माणूस ओळखून बाहेर काढेल. ते पहिल्याच आठवड्यात करतो. बँकेलाही सांगतो, असले पैसे जाऊच द्यायचे नाहीत."

"फोटोत दाढी ठेव," फुफी म्हणाली. "ओळखायला बरा पडंल."

हसता हसता त्यानं शेवटचं बटण दाबलं. दोन मिनिटांत फोन वाजला. मेल आला होता. त्यानं तो उघडला, वरपासून खालपर्यंत एकदा वाचला, आणि मग उठून, सगळ्यांच्या देखत, उझमासमोर धरला.  तिला हवा असलेला कागद तो हाच.

उझमानं फोनकडे पाहिलं नाही. तिनं आईकडे पाहिलं. शरफुन्निसा सोफ्यावर सरकून मागं टेकली होती, पाठ पूर्ण टेकवून, आणि पिशवी तिनं खाली जमिनीवर ठेवून दिली होती.

"अम्मी," उझमा म्हणाली, "ह्यांना निकाहची तारीख सांग. आणि लवकरची सांग."